निवाडा कोणाचा, कृपा कोणावर?

१९७२ च्या दुष्काळात माझी आजी नगर जिल्ह्यात दुष्काळी कामावर खडी फोडीत होती. आमचे घर १९५६ नंतर बौद्ध झाले, आजोळ मात्र ख्रिस्तीच राहिले. मी तेव्हा नऊ वर्षांचा. सुट्टीत आजोळी गेलो की रविवारी आजीबरोबर देवळात जायचो. आमच्याकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. अशा एका रविवारी बाहेरगावचे उपदेशक आले होते. आठवडाभर दगड फोडून हात सोललेल्या बायका समोर बसलेल्या. त्यांना उपदेशकांनी सांगितले की, पाऊस पडला नाही तो आपल्या पापांमुळे. न्यायाचा दिवस जवळ आहे. पश्चात्ताप करा, म्हणजे देवाची कृपा होईल. बायका रडल्या. आजी रडली नाही. बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, “पाप आमी केलं म्हंत्यात. मंग पानी पाटलाच्या हिरीला कसं ऱ्हायलं?”

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला कोणी दिले नाही. पुढे मी शिक्षक झालो, वाचत गेलो, तेव्हा कळले की आजीचा प्रश्न हा ख्रिस्ती उपदेशाच्या इतिहासातला फार जुना प्रश्न आहे आणि तो गुलामांनी आधीच विचारलेला आहे. दलित साहित्याच्या समीक्षेने कविता, कथा, आत्मकथन यांचा कसून विचार केला. पण आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या जे कानांनी ऐकले, ज्या शब्दांनी त्यांना रडवले, घाबरवले आणि कधी उभेही केले, त्या बोलल्या जाणाऱ्या वाङ्मयाकडे आपण फारसे वळलो नाही. उपदेश हा एक वाङ्मयप्रकार आहे. त्याला रचना आहे, प्रतिमा आहेत, वक्ता आणि श्रोता यांचे एक निश्चित नाते आहे. आणि जेथे नाते आहे तेथे सत्ता आहे. म्हणून त्याची समीक्षा झाली पाहिजे.

निवाड्याच्या उपदेशाचा सर्वात गाजलेला नमुना अमेरिकेतला आहे. ८ जुलै १७४१ रोजी एनफील्ड या गावी जोनाथन एडवर्ड्स या पाळकांनी ‘संतप्त देवाच्या हातातील पापी’ हा उपदेश केला. आधार घेतला अनुवाद या पुस्तकातील ३२ व्या अध्यायाच्या ३५ व्या वचनाचा. देवाच्या शत्रूंचा पाय योग्य वेळी घसरेल, असा त्या वचनाचा आशय. प्युरिटन उपदेशाच्या रीतीप्रमाणे आधी वचन, मग त्यातून निघणारा सिद्धांत आणि शेवटी श्रोत्यांना त्याचे लागूकरण, अशी त्याची बांधणी आहे. एडवर्ड्स हे आरडाओरड करणारे वक्ते नव्हते. त्यांचे सामर्थ्य प्रतिमांत आहे. आगीवर धागा धरून लोंबकळत ठेवलेला कोळी, ताणून छातीवर रोखलेले धनुष्य, बांध घालून तुंबवलेले आणि क्षणाक्षणाला चढत जाणारे पाणी. लागूकरणाच्या भागात ‘ते’ जाऊन ‘तुम्ही’ येते आणि मग ते ‘तुम्ही’ शेवटपर्यंत श्रोत्याला सोडत नाही. तेथे हजर असलेल्या एका पाळकाच्या रोजनिशीत नोंद आहे की, लोकांच्या किंकाळ्यांमुळे उपदेशकाला मध्येच थांबावे लागले.

या उपदेशाची थट्टा करणे सोपे आहे. मी ती करणार नाही. त्यात एक दाहक समता आहे. देवाच्या हातात लोंबकळणाऱ्या माणसाला जमीनजुमला, कूळ, शिक्षण यांपैकी कशाचाच आधार उरत नाही. म्हातारा, तरुण, लहान मूल, सगळे त्याच धाग्यावर. ज्या समाजात जन्मानेच काही माणसे पवित्र ठरतात, त्या समाजातून आलेल्या वाचकाला ही समता लक्षात घ्यावीच लागेल. प्रश्न पुढचा आहे. नरकाच्या तोंडाशी असलेली ही समता उपदेश संपल्यावर उपदेशकाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली काय?

पोचली नाही. हाच उपदेश करण्याच्या दहा वर्षे आधी, १७३१ साली, एडवर्ड्स यांनी न्यूपोर्ट बंदरात एक काळी मुलगी विकत घेतली. खरेदीखतात तिचे नाव व्हीनस, वय सुमारे १४ वर्षे, किंमत ८० पौंड. त्यांनी आपल्या मंडळीत काही काळ्या माणसांना पूर्ण सभासदत्व दिले, आफ्रिकेतून नवे गुलाम आणण्याच्या व्यापारालाही त्यांचा विरोध होता, पण गुलाम बाळगण्याचे त्यांनी समर्थनच केले. १७५८ साली ते वारले तेव्हा त्यांच्या मालमत्तेच्या यादीत गुराढोरांबरोबर टायटस नावाचा एक काळा मुलगा किमतीसह नोंदला होता. एवढा मोठा तत्त्वचिंतक, माणसाच्या अंतःकरणातले बारीकसारीक पाप शोधून काढणारा, पण घरात चाकरी करणारी विकत घेतलेली मुलगी त्याला पाप वाटली नाही. हा केवळ व्यक्तिगत ढोंगाचा प्रश्न नाही. पाप अंतःकरणात असते, व्यवस्थेत नसते, असे एकदा धरले की खरेदीखत हे पापाच्या कक्षेबाहेरच राहते. कोळी दिसतो, ज्या जाळ्यात मुलगी अडकली आहे ते जाळे दिसत नाही.

पण येथेच थांबून निवाड्याचा उपदेश म्हणजे शोषकांचे हत्यार, असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. कारण इतिहास तसा सरळ चाललेला नाही. एडवर्ड्स यांच्या घरी राहून शिकलेले त्यांचे शिष्य सॅम्युअल हॉपकिन्स त्याच न्यूपोर्टला पाळक झाले. गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या मंडळीसमोर उभे राहून त्यांनी गुलामगिरीला पाप म्हटले आणि १७७६ साली गुलामगिरीविरुद्ध संवादरूपी पुस्तिका काढून ती अमेरिकेच्या काँग्रेसला अर्पण केली. एडवर्ड्स यांच्याच मुलाने १७९१ साली गुलामगिरीच्या अन्यायावर उपदेश केला. सिद्धांत तोच, देव तोच, नरकही तोच. बदलले ते एकच. निवाड्याचे बोट कोणाकडे वळवायचे, ते. म्हणून माझे म्हणणे असे की, उपदेशाची कसोटी त्यातल्या देवाच्या रागावर किंवा दयेवर लागत नाही. ती लागते पत्त्यावर. हा निवाडा कोणाच्या नावाने निघाला आहे आणि कृपा कोणाच्या घरी पोचती झाली आहे?

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. एडवर्ड्स आणि हॉपकिन्स यांच्या परंपरेत वाढलेल्या न्यू इंग्लंडच्या पाळकांनी १८१० साली अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था काढली. तिचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांनी ठाणे मांडले. नगरच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांना प्रेरणा मिळाली. आणि याच जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्या माणसांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. माझी आजी मिशनच्या शाळेत वाचायला शिकली. ज्या अक्षरांना तिच्या आजीने हात लावला असता तर गावाने हात तोडला असता, ती अक्षरे तिला तेथे मिळाली. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण शाळेने डोळे दिले आणि व्यासपीठाने ते खाली घालायला शिकवले, हेही तितकेच खरे आहे.

बाबासाहेबांनी नेमके यावरच बोट ठेवले. अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरितांची स्थिती या विषयांवरचे त्यांचे दोन लेख हयातीत प्रसिद्ध झाले नाहीत. ते १९८९ साली महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात आले. त्यांचा आक्षेप असा आहे: माणसाची अधोगती मूळ पापामुळे झाली आणि ख्रिस्ती होण्याचे कारण म्हणजे पापांची क्षमा, अशी शिकवण दिली जाते. धर्मशास्त्र म्हणून तिचे काय व्हायचे ते होवो, समाजशास्त्राच्या दृष्टीने ती घातक आहे. कारण माणूस पडतो तो प्रतिकूल परिस्थितीमुळे, असे समाजशास्त्र सांगते. ज्याला आपली अवस्था आपल्याच पापाचे फळ वाटते, तो परिस्थितीशी झगडण्याची ऊर्मी गमावून बसतो. हे वाचताना मला आजीची आठवण झाली. तिने बाबासाहेबांचा तो लेख वाचणे शक्यच नव्हते. पण विहिरीकडे बोट दाखवून ती तेच म्हणत होती. आणि आपण बौद्धांनीही येथे फार फुशारू नये. पूर्वजन्मीच्या कर्माचा हिशोब दाखवून आपल्याला गप्प बसवणाऱ्या व्यवस्थेतूनच आपण आलो. कर्मविपाक आणि मूळ पाप ही दोन वेगळी तत्त्वज्ञाने असली, तरी खडी फोडणाऱ्या बाईच्या कानाशी ती एकच गोष्ट सांगतात: दोष तुझा आहे.

आता कृपेकडे वळू. कारण निवाड्यापेक्षा कृपेचा उपदेश अधिक फसवा असू शकतो. फ्रेडरिक डग्लस हे गुलामगिरीतून पळून सुटलेले काळे लेखक. १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात त्यांनी आपला धनी टॉमस ऑल्ड याची हकीकत दिली आहे. ऑगस्ट १८३२ मध्ये हा धनी मेथडिस्टांच्या एका मेळाव्यात गेला, तेथे त्याचे मनपरिवर्तन झाले. डग्लस यांना आशा वाटली की, आता तो गुलामांना मोकळे करील, निदान जरा दयाळू तरी होईल. घडले उलटेच. धनी अधिक क्रूर झाला. आधी त्याच्या क्रौर्याला फक्त त्याचा स्वभाव कारण होता, आता धर्माचा दाखला मिळाला. एका अपंग तरुणीला तो चाबकाने मारी आणि मारताना लूकच्या शुभवर्तमानातले वचन म्हणे, धन्याची इच्छा माहीत असून न वागणाऱ्या दासाला पुष्कळ फटके मिळतील असे सांगणारे.

येथे कृपेचे काय झाले ते पाहा. धन्याला क्षमा मिळाली, पण त्याच्याकडून काहीच मागितले गेले नाही. गुलाम परत मागितले नाहीत, चाबूक खाली ठेवायला सांगितला नाही. कृपा धन्याच्या घरी आणि निवाडा गुलामाच्या पाठीवर, अशी वाटणी झाली. हिटलरशाहीला विरोध करून १९४५ साली फासावर गेलेले जर्मन पाळक डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३७ सालच्या आपल्या पुस्तकात अशा कृपेला स्वस्त कृपा म्हटले. पश्चात्तापावाचून क्षमा, किंमत न मोजता मिळालेले तारण. हे पुस्तक लिहिण्याआधी, १९३०-३१ साली, न्यूयॉर्कला शिकत असताना बॉनहोफर हार्लेम वस्तीतल्या काळ्यांच्या चर्चमध्ये जात होते, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. स्वस्त कृपा कोणाला ओळखता येते? जिची किंमत ज्याच्या अंगावरून वसूल होते, त्यालाच ती आधी कळते.

गुलामांसाठी केलेल्या उपदेशाचा तर एक वेगळा संप्रदायच होता. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातले, दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हे वचन त्यांना पुन्हा पुन्हा ऐकवले जाई. १८०७ साली लंडनहून वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी पवित्र शास्त्राचे वेचे छापले गेले, त्यांतून इस्राएलाची मिसरच्या दास्यातून सुटका झाल्याची हकीकत गाळली होती. काय गाळले यावरूनच कशाची भीती होती ते कळते. हॉवर्ड थर्मन या काळ्या धर्मचिंतकांनी १९४९ सालच्या आपल्या पुस्तकात आपल्या आजीविषयी लिहिले आहे. ती गुलामीत जन्मलेली. तिला वाचता येत नव्हते, म्हणून नातवाकडून शास्त्र वाचून घेई. पण पौलाची पत्रे तिने जवळजवळ वाचू दिली नाहीत. कारण धन्याचा पाळक गुलामांना नेहमी पौलाचाच आधार घेऊन उपदेश करी. तिने तेव्हाच ठरवले होते, कधी मोकळी झाले तर हा भाग पुन्हा ऐकणार नाही. हीसुद्धा समीक्षाच आहे. निरक्षर बाईने केलेली, पण संहितेतले काय आपल्याविरुद्ध वापरले गेले हे अचूक ओळखणारी. थर्मन सांगतात की, त्याच मळ्यावर कधीमधी एक गुलाम उपदेशकही येई. त्याच्या उपदेशाचा शेवट ठरलेला: तुम्ही गुलाम नाही, तुम्ही देवाची लेकरे आहात. म्हातारी हे सांगताना ताठ होऊन बसे. शास्त्र एक, श्रोते एक, उपदेश दोन. एकाने मान वाकवली, दुसऱ्याने पाठीचा कणा दिला.

हा दुसरा प्रवाह पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापर्यंत येतो. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेंफिस शहरात दोन काळे सफाई कामगार पावसापासून आडोसा घेऊन कचऱ्याच्या गाडीत बसले होते. गाडीच्या दाबयंत्रात सापडून दोघेही चिरडले गेले. सुमारे १३०० कामगारांनी संप केला. आपण माणूस आहोत एवढेच त्यांच्या फलकांवर लिहिले होते. ज्या देशात गटारात उतरून माणसे मरतात, तेथल्या वाचकाला याचा अर्थ फोड करून सांगायला नको. १८ मार्चला किंग या संपकऱ्यांसमोर बोलले. त्यांनी लूकमधला श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांचा दृष्टांत घेतला. दाराशी फोडांनी भरलेला भिकारी, आत मेजवानी झोडणारा धनिक. मेल्यावर धनिक नरकात जातो. किंग म्हणतात, तो श्रीमंत होता म्हणून नरकात गेला नाही. रोज लाजरापाशी येऊन गेला आणि त्याला लाजर दिसला नाही, म्हणून गेला. आणि मग ते निवाडा देशावर आणतात: अमेरिकेने आपली संपत्ती गरिबांसाठी वापरली नाही, तर तीही नरकात जाईल. ४ एप्रिलला त्यांचा खून झाला. त्याच दिवशी त्यांनी आपल्या चर्चला येत्या रविवारच्या उपदेशाचे शीर्षक कळवले होते, अमेरिका नरकात का जाऊ शकेल, अशा अर्थाचे.

एनफील्ड आणि मेंफिस हे दोन्ही नरकाचेच उपदेश आहेत. पण १७४१ साली ‘तुम्ही’ म्हणजे एकटा, हादरलेला जीव. १९६८ साली ‘तुम्ही’ म्हणजे राज्य, बाजार, महापालिका. एडवर्ड्स यांच्या उपदेशात देवाचा हात पाप्याला आगीवर धरून आहे. किंग यांच्या उपदेशात माणसाला यंत्रात चिरडणारे हात कोणाचे आहेत, ते विचारले जाते. याच किंग यांनी १९६५ सालच्या एका उपदेशात आपल्या १९५९ सालच्या भारतभेटीतली एक आठवण सांगितली. केरळात अस्पृश्यांच्या मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतला एक अस्पृश्य अशी करून दिली. आधी त्यांना ते खटकले, मग आपल्या लोकांची स्थिती डोळ्यांसमोर आणल्यावर पटले. उपदेशकाने व्यासपीठावरून आपण अस्पृश्य आहोत म्हणावे, यात वक्ता आणि श्रोता यांच्यामधली उंचीच नाहीशी होते.

आपल्याकडे हे काम अरविंद निर्मळ यांनी केले. १९८१ साली बंगलोरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात त्यांनी शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची मांडणी केली आणि त्यातून पुढे दलित ईश्वरशास्त्र उभे राहिले. त्यांनी आधाराला घेतलेला उतारा अनुवाद पुस्तकातलाच, २६ व्या अध्यायातला. आमचा पूर्वज भटका होता, आम्ही दास होतो, आमचा आक्रोश ऐकला गेला, असे सांगणारा. एडवर्ड्स यांनीही वचन याच पुस्तकातून उचलले होते. एकाला त्यात घसरणारा पाय दिसला, दुसऱ्याला साखळी तुटलेला.

यावर कोणी विचारील, मग पाप सगळे बाहेरचेच काय? पीडिताला निवाडा नाहीच? हा प्रश्न मी टाळणार नाही. आमच्या घराघरांत बायकोवर हात उगारणारा पुरुष आहे. आम्ही आमच्यातच महार, मांग, चांभार असे उतरंडीचे हिशोब ठेवतो. चर्चमध्येही ते गेले आणि विहारातही राहिले. व्यवस्थेचे नाव घेऊन यातून सुटता येणार नाही. तथागतांनी स्वतःला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे. त्यांच्या धम्मात कृपेची सोयच नाही, चालायचे आपल्यालाच. पण ख्रिस्ती शास्त्रातही कृपा फुकट नाही, हे मला जक्कयाच्या गोष्टीत दिसते. जक्कय हा जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू आपण होऊन त्याच्या घरी जातो, ही कृपा. पण जक्कय काय करतो? अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करतो. तारण झाल्याचे शब्द येतात ते त्यानंतर. जक्कयावरचा उपदेश मी पुष्कळदा ऐकला. तो झाडावर चढला ते रंगवून सांगतात. चौपटीचा हिशोब मात्र घाईने उरकतात.

आता शेवटचे आणि थोडे कडू. हा लेख वाचून, ही ख्रिस्ती लोकांची भानगड आहे, असे ज्या कार्यकर्त्याला वाटेल, त्याने येत्या १४ एप्रिलला आपलेच व्यासपीठ नीट ऐकावे. मीही त्यावरून बोललो आहे, म्हणून सांगतो. वस्तीतल्या लोकांना आम्ही सांगतो की, तुम्ही दारू पिता, तुम्ही पोरांना शिकवत नाही, तुमच्या घरात अजून देव आहेत, म्हणून तुम्ही मागे राहिलात. आणि त्याच व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसलेल्या पाहुण्याला, ज्याच्या कारखान्यात, संस्थेत, पक्षात आमच्या माणसांचे काय होते ते सर्वांना ठाऊक असते, आम्ही हार घालतो. निवाडा वस्तीला, कृपा पाहुण्याला. १९७२ साली देवळात जे झाले, त्याहून हे वेगळे कसे?

म्हणून विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे की, कोणताही उपदेश, कोणतेही भाषण ऐकताना तीन प्रश्न विचारा. निवाडा कोणाचा होतो आहे? क्षमा कोणाला मिळते आहे? आणि ज्याला क्षमा मिळाली तो परत काय करणार आहे? ज्या उपदेशाला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही, तो कितीही रडवो, तो स्वस्त आहे.

आजी शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिली. देऊळ तिने सोडले नाही, प्रार्थना सोडली नाही. फक्त दुष्काळाचा उपदेश तिने मानला नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खडी फोडायला गेली आणि सोबतच्या बायकांना घेऊन मुकादमाकडे पाण्याची मागणी करून आली. पश्चात्ताप कोणी करायचा, हे तिने आपल्यापुरते ठरवले होते.